नेरिनोने फुगवलेली डावी बाजू

नेरिनो पत्रे ठोकायचा आणि ठोकता ठोकता मेव्हण्याला शिव्या घालायचा. दोन्हींत त्याचा हात धरणारा इटलीतल्या अख्ख्या मोडेना शहरात कुणी नव्हता. मेव्हणा म्हणजे आदेल्मो. नेरिनोच्या धाकट्या बहिणीला, इल्वाला, पळवून नेऊन लग्न केलेला. नेरिनोने ते कधी विसरू दिलं नाही.

बॉयलर विकून गबर झालेल्या एका मालकाला स्पोर्ट्स कार काढायची हौस आली. तिच्या पहिल्या नमुन्याचं अंग आमच्या शेडमध्ये घडलं. मी दारं बसवायचो. आमची रीत अशी, की डावी बाजू एकाने घडवायची, उजवी दुसऱ्याने; या गाडीची डावी नेरिनोकडे होती, उजवी आदेल्मोकडे. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठोकायचा, लाकडी साच्यावर लावून बघायचा, उरलेलं तळहाताला विचारायचं. त्यामुळे दोन बाजू जुळ्या कधीच नसत; फार तर सख्ख्या बहिणी.

"आदेल्मो, तुझ्या बाजूला गालगुंड झालंय रे!"

"आणि तुझी? उपाशी कोंबडीची तंगडी!"

"नकाशा बघ जरा, गाढवा."

"नकाशा तू बघ. मी गाडी बघतो."

उजवी बाजू पुरी झाली आणि त्याच आठवड्यात आदेल्मो छातीच्या दुखण्याने गेला. दफनाहून परतलेला नेरिनो थेट शेडमध्ये आला. शिवी घालायला कुणी नव्हतं, म्हणून हातोडाही चालेना.

मालक आला. गाडीभोवती फिरला. "उजवी फुगलीय. डावीसारखी कर. तुरीनच्या प्रदर्शनात हसं नको."

म्हणजे आदेल्मोचा हात पुसून टाकायचा. नेरिनोने मान डोलावली. मालक गेल्यावर मात्र त्याने स्वतःची, नकाशाबरहुकूम असलेली डावी बाजू उतरवली आणि आतून ठोकू लागला. पत्रा ताणून ताणून कागदासारखा झाला.

"फाटेल की रे," मी म्हणालो.

"फाटू दे."

फाटला नाही. मालकाने दोन्हीकडे हात फिरवला. "आता जमलं. बघ, उगाच फुगवून ठेवलं होतं त्याने!"

नेरिनोने तेही ऐकून घेतलं.

गाडी ट्रकवर चढायच्या आधी काळ्या कपड्यांतली इल्वा आली. भावाला काही विचारलं नाही. सरळ डावीकडे गेली, मडगार्डला गाल लावला आणि हमसून हमसून रडली.

नेरिनो तिच्या मागे टोपी हातात घेऊन उभा राहिला. "बाजू चुकलीस," असं त्याने तिला सांगितलं नाही. मीही नाही, आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.