काकूचा पाला

सुमनकाकू गेल्याचा फोन काकांनीच केला. "अरे, तुझी काकू..." एवढंच म्हणाले आणि नुसते खोकत राहिले. दुर्गाघाटहून निघून, पूल ओलांडून रामनगरपलीकडच्या त्यांच्या घरी पोचेपर्यंत रडू येतच होतं, पण मनात प्रश्न एकच होता. आता बागेचं काय?

कारण त्या दोघांचं भांडण बागेवरूनच. काका इकडे उत्तरेतच, दुर्गाघाटच्या मराठी गल्लीत वाढलेले. घाट, पान आणि चार टवाळ मित्र यांच्यावाचून त्यांचा जीव गुदमरायचा. काकू सांगलीकडच्या खेड्यातली, तिला गल्लीत आभाळच दिसेना. काका निवृत्त झाले आणि तिने हट्टाने हे घर घ्यायला लावलं, तेव्हा त्यांनी अट घातली, "एक हिवाळा. भाजी आली तर राहू, नाहीतर मुकाट्याने परत." काकूने पदर खोचला. बटाटा, मटार, वांगी, मुळा... कोवळ्या उन्हात वाफ्याशी बसून ती रोपांना मराठीत दटावायची आणि काका खुर्चीतून टोमणे मारायचे.

त्याच हिवाळ्यात, पौषातल्या एका संध्याकाळी मी तिथेच होतो. शेजारच्या रामरतीचाची कुंपणावरून ओरडून गेल्या, "बहिनी, आज पाला पड़ी!" काकू खुशीत आत आली. "बरं झालं. उद्या सगळा गोळा करते, खताला होईल." तिच्या डोक्यात आपला मराठी पाला, झाडाखाली पडणारा. चाची सांगत होत्या ते गोठणाऱ्या दवाचं, एका रात्रीत बटाटा जाळून टाकणाऱ्या. मला कळलं, काकांनाही कळलं. मी तोंड उघडलं तर त्यांनी डोळे वटारले. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. सकाळी बाग काळी पडली असती आणि ते गल्लीत परतले असते. काकू गुणगुणत मटार सोलत होती. बाहेर अंधारत चाललं होतं. काका कपाकडे बघत बसले... त्यांचा इतका राग मला कधी आला नव्हता.

एकदम कप आपटून ते उठले. "अगं वेडे, इथे पाला म्हणजे पानं नव्हेत! दव गोठतं, झाडं जळतात! ऊठ, पुआल आण, जल्दी!" मग मफलर गुंडाळून, स्वतःलाच शिव्या देत ते वाफ्यांत पाणी सोडत राहिले आणि आम्ही बांधावर तो पुआल, म्हणजे भाताचा पेंढा, पेटवून उबेसाठी धूर केला. बटाट्याची एक कड गेली, बाकी बाग वाचली. "स्वतःच्या पायांनी हरायला आलात की हो," काकू म्हणाली.

पुढेही दर हिवाळ्यात काकांचं "बस, पुढच्या वर्षी परत" हे चालूच होतं. यंदा न्यूमोनियाने काकूच गेली.

परवा गेलो तो त्यांना आणायलाच. गल्लीतली खोली झाडून ठेवलीय, मित्र वाट बघतायत. "आता कोण अडवतंय तुम्हाला?" मी जरा चिडूनच विचारलं.

"येतो ना. एवढी भाजी संपू दे."

त्यांच्या हातांना ओली माती होती. मागे एक नवाच वाफा दिसला, नुकताच पाणी दिलेला. यात काय लावलंत, विचारलं.

"भेंडी," काका म्हणाले. "उन्हाळ्यात येईल."