छातीतलं पाणी

डॉक्टरांनी माझ्या पाठीत, बरगड्यांच्या मधे, सुई घातली आणि पिचकारीत पिवळसर पाणी ओढलं. ते उजेडात धरून पाहिलं नि म्हणाले, "बाई, याला प्लुरसी म्हणतात. फुप्फुसाभोवती पातळ आवरण असतं. ते सुजलं की आत पाणी साठतं. मुळाशी क्षय असावा, अशी मला शंका आहे. तीन-चार महिने अंथरूण सोडायचं नाही."

मी सोलापुरात गिरणीत रिळावर काम करत होते. तीन आठवडे डाव्या कुशीत कळ यायची, संध्याकाळी अंग तापायचं. कापसाची धूळ बाधली असेल म्हणून मी ओव्याचा काढा पीत राहिले. तुमच्यापैकी कुणाला अशी कळ येत असेल तर माझ्यासारखं थांबू नका.

दवाखान्याच्या ओसरीवर ऊन यायचं. तिथंच आम्हा छातीच्या रोग्यांच्या खाटा होत्या. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून मी उशांना टेकून बसलेली असे. औषध म्हणून कॉडलिव्हर ऑइल, म्हणजे माशाच्या यकृताचं तेल, दोन वेळा घ्यायचं. तिसऱ्या दिवसापर्यंत त्याचा वास नाकातून जाईनासा झाला.

नवऱ्याला गिरणी सुटत नव्हती, लेक घर सांभाळत होती. म्हणून माझ्यापाशी लुसीमावशी येऊन बसू लागली. साबीना ही माझी थोरली जाऊ. ती इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली. लुसीमावशी तिची आई.

डॉक्टरांनी मावशीला सांगितलं, तोंडाला पदर लावा, फार जवळ बसू नका. तिनं मान हलवली आणि माझं थुंकीचं भांडं उचलून धुवायला नेलं. परत येऊन ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसलं. मी डोळे मिटून घेतले. तिच्याकडे पाहवेना.

कारण साबीनाच्या दुखण्यात मी असं केलं नव्हतं.

त्या वेळी घरातले पुरुष रेल्वेच्या रुळांच्या कामावर वाडी जंक्शनकडे गेले होते. घरात मी, माझी दीड वर्षाची लेक आणि तापानं फणफणलेली साबीना. शेजारची तीन माणसं आठवड्यात गेली होती. माझी पोर जाईल या भीतीनं मी उंबऱ्याच्या आत पाण्याचा लोटा ठेवला, बाहेरून कडी ओढली आणि टेंभुर्णीकडे आईच्या घरी निघाले. साबीना आतून म्हणत होती, "मार्था, जाऊ नको गं." तिसऱ्या दिवशी लोकांना ती मेलेली सापडली.

मी सगळ्यांना सांगितलं, तिनंच मला लेकीला घेऊन जायला लावलं. ते ऐकून मावशी माझ्या गळ्यात पडून रडली होती. माझी पोर मोठ्या मनाची, म्हणाली होती.

त्यानंतर तेरा वर्षं मी दर रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला गेले, पण क्रिस्तप्रसाद, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर, घेतला नाही; पाप लपवून तो घेता येत नाही. तेव्हा तो उपाशी पोटी घ्यावा लागे. मी मुद्दाम सकाळी चहा पिऊन निघायची, म्हणजे कुणी विचारलं तर कारण असावं.

दुसऱ्यांदा पाणी काढल्यावर ताप फार चढला. नवऱ्यानं फादरना बोलावलं. ते परदेशातले, पण खेड्यांतून राहून आमची भाषा शिकलेले. आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन आले. मी म्हटलं, आधी कन्फेशन. म्हणजे पापकबुली. मावशी बाहेर गेली. एकेका वाक्याला थांबत, खोकत मी सगळं सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

फादर म्हणाले, "तेरा वर्षं देव तुझी वाट पाहत होता." त्यांनी लॅटिनमध्ये क्षमेचे शब्द उच्चारले, माझ्या कपाळाला तेल लावलं. जाताना म्हणाले, "देवानं क्षमा केली. आता त्या आईला खरं सांग. ती काय म्हणेल ते तिच्यावर सोड."

मी रडले, आणि किती दिवसांनी गाढ झोपले. ताप मात्र पुढं दहा दिवस होताच. देवाची दया झाली म्हणून दुखणं लगेच पळत नाही, हे सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीला सांगितलं. तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"हाक मारली व्हती तिनं?"

"व्हय."

"लोटा तिच्या हाताला लागला असंल का?"

"म्हाईत न्हाय, मावशी."

ती उठली आणि गेली. चार दिवस आली नाही. त्या दिवसांत मी फक्त तिच्यासाठी प्रार्थना केली. स्वतःसाठी काही मागायचं धाडस झालं नाही.

पाचव्या दिवशी ती आंबील घेऊन आली. वाटी माझ्या हातात दिली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "माफ केलं असं मला अजून म्हणवत न्हाई. पण माझ्या पोरीला कुणी न्हवतं, तसं तुला ठेवायचं न्हाय मला." आणि थुंकीचं भांडं धुवायला घेऊन गेली.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पाठीवर बोटं वाजवून पाहिलं. "पाणी आटलं. हवा दोन्हीकडे सारखी जातेय. पण जड काम वर्षभर नको."

मला दोनदा जीवदान मिळालं असं मी मानते. छातीचं दुखणं घेऊन बसलेल्यांना डॉक्टरांकडे जा म्हणते. मनात जुनं काही घेऊन बसलेल्यांना सांगते, ते बोलून टाका, समोरच्यानं पाठ फिरवली तरी.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आम्ही दफनभूमीत गेलो. दरवर्षी साबीनाच्या मातीवर मेणबत्ती मावशी लावायची, मी मागं उभी राहायची. त्या वर्षी तिनं काडी पेटवली, वाऱ्याला हाताचा आडोसा केला आणि मला म्हणाली, "ये फुडं. तू लाव."