रिकाम्या तारखेचे रक्तदाते

शाकीबला जन्मापासून थॅलेसेमिया. दोन-तीन आठवडे सरले की अंगात रक्त चढवावंच लागायचं. अचलपूरहून एसटीने त्याला अमरावतीला नेताना आरजू वाटभर फोन लावत बसायची, कुणी दाता मिळतो का म्हणून. तिचं स्वतःचं रक्त भावाला चालत नव्हतं. त्याचं ओ, तिचं बी.

"तू फक्त माह्यं डोकं खायाले जन्मली," तो खिडकीकडे बघत हसायचा.

दाते चटकन सापडावेत म्हणून त्याने वेबसाइट बनवायला घेतली. त्यासाठी जँगो शिकला; वेबसाइटचा तयार सांगाडाच तो, आपण फक्त आपलं घर त्यावर उभारायचं. ते अर्धं उभं राहिलं आणि गेल्या हिवाळ्यात शाकीब गेला.

आरजू उर्दू शाळेत भूगोल शिकवायची. कोडचं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण शाकीबचा लॅपटॉप नुसता मिटून ठेवलेला तिला बघवेना. शाकीबची वर्गमैत्रीण दामिनी अमरावतीत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होती. वेबसाइट पुरी करायला आरजू दर रविवारी तिच्याकडे जाऊन बसू लागली. घरी काही अडलं की सवयीने मान मागे वळायची, "शाकीब, हे बघ ना..." आणि मागे नुसती खाट असायची.

काही महिन्यांनी शोधाचं पान चालू झालं. आरजूने पहिल्यांदा स्वतःचाच रक्तगट टाकून पाहिला. बरीच नावं आली. तिचं नव्हतं.

"दामिनी, मी तर नाव नोंदवलं होतं. मग मी यात काहून नाही?"

दामिनीने क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, वाचली. "तू आजवर रक्त दिलंच नाही ना? तुही शेवटची तारीख रिकामी हाये. एकदा रक्त दिलं की तीन महिने देता येत नाही, म्हणून आपण विचारून राहिलो, तारीख तीन महिन्यांच्या आधीची हाये का. रिकाम्या तारखेले डेटाबेस हो बी म्हणत नाही, नाही बी म्हणत नाही. माणूस गळून जाते."

म्हणजे पहिल्यांदा रक्त द्यायला तयार झालेला एकेक जण गळत होता! आरजूने अट बदलली: तारीख जुनी असेल, किंवा तारीखच नसेल. यादी सरसर लांबली. कॉलेजची पोरं, परतवाड्याचा एक शिंपी, आणि ती.

पुढच्याच महिन्यात वेबसाइट पाहून चांदूर बाजारच्या एका बापाचा फोन आला. त्याच्या मुलीला बी पॉझिटिव्ह, आरजूच्याच गटाचं रक्त हवं होतं. आरजूने दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही, स्वतःच अमरावतीची एसटी धरली.

"पहिल्यांदाच का?" नर्सने विचारलं.

"हो."

पिशवी हळूहळू भरत होती. इतकी वर्षं ती अशा पिशव्या रिकाम्या होताना बघत आली होती.

घरी आल्यावर अम्मीने, जैनबबीने, तिचा हात मांडीवर घेतला आणि कोपरातला कापूस दाबून धरला. "दुखा क्या, बेटा?"

यावर शाकीब दरवेळी काहीतरी भन्नाट थट्टा करायचा आणि अम्मीला हसवायचा. आरजूने खूप आठवून पाहिलं. तिला तसं बोलता येईना. ती अम्मीच्या खांद्याला टेकून नुसती बसून राहिली.