पोर्तोतला खोटा उपवास

आमच्या बोरगाव मेघेतल्या सकाळच्या फिरण्यात तीन वर्षं मी एक गोष्ट रंगवून सांगत आलो. मुलीच्या सासरी, पोर्तुगालातल्या पोर्तो शहरात, मला आठ दिवस उपाशी राहावं लागलं. तिथलं अन्न आपल्या घशाखाली उतरत नाही. ही गोष्ट खोटी आहे.

मुलीनं तिकडच्या मुलाशी केलेलं लग्न मला मान्य नव्हतं. बायकोच्या हट्टापायी गेलो. पहिल्याच रविवारी विहीणबाईंनी जेवायला बोलावलं. बाकल्याव केला होता. म्हणजे खारवून वाळवलेला मासा. तो फळीसारखा कडक असतो. दोन दिवस पाण्यात ठेवून, पाणी बदलत बदलत त्याचं मीठ उतरवावं लागतं. सोबत बटाटे, कांदा, उकडलेली अंडी, वरून ऑलिव्हचं तेल. वास छान सुटला होता. मी जन्मभर मासे खात आलेला माणूस. तरी मुलीला म्हणालो, "सांग त्यांना, माझा उपवास आहे."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून तिनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. विहीणबाईंनी छातीवर हात ठेवला, माझी ताटली हलकेच उचलली आणि सफरचंद आणून ठेवलं.

बायको कानाशी म्हणाली, "कायचा उपवास? मागच्या बुधवारी तं धरणावरचे मासे बोटं चाटून खाल्ले. मले भूक लागली. बसा तुमी." आणि तिनं दोनदा वाढून घेतलं.

एकदा उपवास सांगितल्यावर तो सोडायची सोय राहिली नाही. उपवासाला काय चालतं ते विहीणबाईंनी शोधून काढलं. पुढच्या प्रत्येक भेटीत माझ्यासाठी वेगळे बटाटे उकडले, शिंगाड्याच्या चवीचे चेस्टनट भाजले. मी ते गंभीर चेहऱ्यानं खायचो आणि बाहेर पडल्यावर बायकोला घेऊन खाणावळीत शिरायचो.

गेल्या महिन्यात शेजारचे निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको पोर्तोला जायच्या तयारीला लागले. त्यांच्या मुलाला तिथेच नोकरी लागली आहे. माझ्या मुलीनं आपणहून फोन करून त्यांना सासूकडे जेवायला बोलावलं. त्यांनी नाही म्हटलं, कारणही सांगितलं. मास्तर मलाच कौतुकानं सांगत होते, "भाऊ, तुमचं ऐकलं. चिवडा, खाकरे, सातूचं पीठ, सगळं भरून राह्यलो. कोणाच्या घरी जेवाले जायाचंच नाई."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "बाबा, त्या दिवशी मी तुमच्यासाठी खोटं बोलले. सासूबाईंना अजून वाटतं, तुम्ही फार धार्मिक आहात. आणि तुम्ही तिथे त्यांच्या घराची अशी बदनामी करता? मग मी तुम्हाला पुन्हा बोलावणार नाही."

दुसऱ्या दिवशी फिरताना सगळ्यांसमोर म्हणालो, "मास्तर, पिशव्या रिकाम्या करा. मी खोटं सांगत होतो."

"तीन वर्षं?" एकजण थांबलाच. "अन् तुमाले उपाशी ठेवलं म्हणून आमच्या घरून पुरणपोळ्या पाठवल्या होत्या नं!"

"त्याही खाल्ल्या," मी म्हणालो. मास्तर हसले नाहीत. पण बाकावर बसले आणि म्हणाले, "मंग खरं काय ते सांगा आता."

सांगितलं ते असं. शहर चढउताराचं आहे, दगडी रस्ते ओले झाले की निसरडे होतात. पकड असलेले जोडे न्या. नदीकाठी उतरणं सोपं, परत चढताना गुडघे रडतात. तेव्हा दोरावर चालणारी गाडी घ्या. निळ्या फरशांवरच्या चित्रांचं जुनं रेल्वे स्टेशन सकाळीच पाहा, मागून गर्दी होते. खाणावळीत बसलं की पाव, ऑलिव्ह, चीज न मागता पुढ्यात येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत करा. दुपारी 'आजचं जेवण' मागा, ताजं असतं. बारीक चिरलेल्या हिरव्या पानांचं आणि बटाट्याचं सूप आपल्या पातळभाजीच्या नात्यातलं आहे. त्यात डुकराच्या मांसाची चकती घालतात, चालत नसेल तर आधी सांगा. मक्याचा जाड पाव त्यात बुडवून खावा. मैद्याच्या कुरकुरीत वाटीतली, दालचिनी भुरभुरलेली अंड्याची खीर गरमच खावी. आणि घरी बोलावलं, तर जावं.

मग संध्याकाळी घरून मुलीला व्हिडिओ कॉल लावला. "विहीणबाईंना सांग सगळं."

"मी नाही. तुम्ही बोला, मी फक्त भाषा बदलते."

पडद्यावर विहीणबाई आल्या. मी म्हणालो, "उपवास नव्हता. राग होता. तुमचं अन्न मी रागानं नाकारलं. चूक झाली."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग सलग बोलत राहिल्या. ऐकता ऐकता मुलीचे डोळे भरून आले.

"त्या म्हणतात, हे लग्न त्यांनाही नको होतं. महिनाभर त्या मुलाशी बोलल्या नव्हत्या. तुम्ही जेवला नाहीत तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपल्या मनातलं तुम्हाला कळलं."

मागून बायको म्हणाली, "म्हंजे दोघंई सारखेच!"

"हे पण सांगू?" मुलीनं विचारलं.

"सांग," मी म्हणालो.

पलीकडे मोठ्यानं हसल्याचा आवाज आला. मास्तर परवा विहीणबाईंकडे जेवून आले. काल आम्ही व्हिसाचे कागद भरायला बसलो. 'प्रवासाचं कारण' या रकान्याशी मी अडलो आणि बायकोला विचारलं, "मुलीच्या सासरी जेवाले, असं लिहू का?"

"असं लिहीत नाईत," ती म्हणाली. "'भेट' लिहा."

मी 'भेट' लिहिलं.