सावळी परी चालत नाही म्हणे!

आज सकाळी आमच्या इंद्रलोक भागातल्या सोसायटीच्या ग्रुपवर एका नव्या मालिकेचा फोटो आला. परी झालेली नटी सावळी, अगदी माझ्या रंगाची. लगेच शेजारच्या मीनलताईंनी लिहिलं, "परी अशी असते का? हिला चेटकीण करायची ना!" खाली हसणाऱ्यांची रांग लागली.

डोकंच फिरलं माझं!

नव्वदच्या दशकात आम्ही नवघरला राहायचो. टीव्हीवरच्या मालिका बघून बिल्डिंगच्या गणपतीत पोरांचं नाटक व्हायचं. गोऱ्या मुली पऱ्या, मी दरवर्षी राक्षसीण. राक्षस झालेल्या पिंट्याला तव्याची काजळी फासायचे. एकदा मीही तोंड पुढे केलं, तर नाटक बसवणाऱ्या काकू म्हणाल्या, "तुला कशाला गं? तुझं असंच चालतंय." सगळे खो-खो हसले.

नाटक संपल्यावर पिंट्या तोंड धुऊन परत पिंट्या झाला. मीही साबण लावून खसाखसा घासलं. मी शाळेतसुद्धा राक्षसीणच राहिले.

हसणाऱ्यांनो, जादूची कांडी पटते आणि सावळी परी पटत नाही?

आणि मीनलताई, तुमची नात माझ्याच रंगाची आहे. यंदा गणपतीत तिला काय करणार?