ओटी भरून पाठवलेली मधुमालती

त्या ओव्हरसियरनं माझ्या बायकोला फसवलं. मला फसवलं असतं तर मी तिथल्या तिथं मिटवलं असतं. माझा तो रोजचा धंदा आहे.

लातूर जिल्हा नुकताच उस्मानाबादेपासून वेगळा झाला होता. नवनव्या कचेऱ्यांच्या फिती कापल्या जात होत्या आणि पावसानं पाठ फिरवली होती. गावाबाहेर माझी नर्सरी. विहीर तळाला गेली, निम्मी रोपं वाळली. फाटकावरची मधुमालती तेवढी फुलत होती. ती माझी मदर प्लांट. म्हणजे जिच्या फांद्यांपासून आणि फुटव्यांपासून नवी रोपं करतात, ती.

लेक देगलूरला दिली, त्या आठवड्यात गिरिजानं, माझ्या बायकोनं, ही वेल लावली होती. दुष्काळात जगवलीही तिनंच. मुळाशी जुनी घागर पुरली, बुडाच्या भोकात चिंधीची वात घातली, आणि तांदळाचं, भाजीचं धुवण त्यात ओतत राहिली. असं पाणी थेंबाथेंबानं मुळालाच मिळतं, उन्हाला काही मिळत नाही.

बांधकाम खात्याचा ओव्हरसियर आला. "अप्पा, नव्या कचेरीच्या गेटवर हीच वेल पायजे. उद्घाटन हाय."

"न्या. पण आधी कमरेइतकी छाटावी लागंल. मुळाची माती न फोडता पोत्यात बांधावी लागंल. यंदा फुलं न्हाईत."

"मग साहेब काय काड्या बघणार?"

"पुढच्या साली फुलं बघतील. बदली न्हाई झाली तर."

तो हसला. भावात मी घासाघीस केलीच नाही. अट एकच घातली: पाऊस पडेस्तोवर रोज घागरभर पाणी. टँकर त्याच्याच हातात होता.

"हाव अप्पा. शब्द दिला."

मी कंधारला गेलो होतो, त्या दिवशी तो मजूर घेऊन आला. "अक्का, अप्पांशी बोलणं झालंय."

गिरिजानं त्याला थांबवलं. बुंध्याला हळदकुंकू लावलं. खणात तांदूळ-खोबरं बांधून वेलीची ओटी त्याच्या हातात दिली. "सासरी पाणी कमी पडू देऊ नका." त्यानं दोन्ही हातांनी घेतली. पुढचं तिला बघवेना. ती आत गेली.

मी परतलो तेव्हा ती फाटकाशी बसली होती.

"पाय हितंच तोडले, न् पोरीला नेलं," एवढंच म्हणाली.

जमिनीसरसा कोयता मारला होता.

मी तसाच कचेरीवर गेलो. वेल गेटच्या खांबाला बाइंडिंग वायरनं आवळली होती. आम्ही सुतळीनं बांधतो, बोट जाईल इतकं सैल, कारण बुंधा जाड होतो. हिला जाड व्हायचंच नव्हतं. तुटकं टोक फरशीवर टेकलं होतं, भोवती चुना मारलेल्या विटा.

"खड्डा कुठाय?" मी ओरडलो.

"अप्पा, हळू. लोक मंडप बांधून राहिलेत. कार्यक्रम एका दिवसाचा हाय, तेवढं टिकलं की झालं."

"आन् ओटी?"

"कोन्ती ओटी?"

खण त्याच्या जीपमध्ये पडला होता. त्या खणानं काच पुसलेली दिसत होती. माझा हात त्याच्यावर उठणार होता. मी खण उचलला आणि घरी आलो.

गिरिजा पुरलेल्या घागरीत धुवण ओतत होती.

"आता कुणाला पाजतीस?"

"मुळं हायत ना खाली. वर काय झालं ते त्यास्नी ठावं न्हाई."

इतक्या वर्षांच्या धंद्यात मला हे ठाऊक नव्हतं असं नाही; त्या दिवशी रागात सुचलं नाही. मधुमालतीचं मूळ सहजी मरत नाही. चार सरी पडल्यावर बुंध्यापासून हातभर अंतरावर तांबूस फुटवा आला. आज तोच फाटकावर आहे. संध्याकाळी पांढरा फुलतो, दुसऱ्या दिवशी लाल होतो.

तेव्हापासून गिऱ्हाईक कितीही गोड बोलो, मी आधी त्यानं खणलेला खड्डा बघतो. गुडघाभर खोल, शेणखत घातलेला, अर्धा दिवस तरी ऊन येणारा. मगच वेल देतो.

तो खण गिरिजाच्या ट्रंकेत आहे, काचेच्या धुळीसकट. तिनं धुतला नाही. ओव्हरसियर साहेब, आता तुम्ही रिटायर झाला असाल, वेळ असेल. ओटी तुम्ही दोन्ही हातांनी घेतली होती. ती कुणासाठी घेतली, ते येऊन सांगा. मला नको. तिला सांगा.