हा ‘सर’ म्हणजे कुठला सर?

महिना होत आला. लातूरहून फोन आला तेव्हा मी नांदेडच्या ऑफिसात डबा उघडून बसलो होतो. वंदनाताईंचा भाऊ एवढंच म्हणाला, “ताई गेली बघा.” डबा तसाच राहिला...

आमच्या क्लासच्या दोन शाखा. प्रश्नसंच एकच, पण त्यात कुणी काय बदललं याच्या कॉम्प्युटरवरच्या नोंदी लातूरला सबव्हर्जन नावाच्या जुन्या प्रणालीत आणि नांदेडला गिट नावाच्या नव्या प्रणालीत. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी त्या संचाची गत. लातूर ताई सांभाळायच्या, नांदेड मी. लातूरच्या नोंदी इकडे आणायला एक यादी लागे: तिकडचं कुठलं नाव म्हणजे कोण माणूस. यादीबाहेरचं नाव आलं की सगळं ठप्प.

सात वर्षांपूर्वी एकदा रविवारी परीक्षा आणि शुक्रवारी सकाळी नोंदी आणायची गाडी अडली. नाव होतं ‘सर’! क्लासमध्ये सगळेच एकमेकांना सर म्हणतात, म्हणून तिघांनी मिळून एकच लॉगिन घेतलेलं. मी फोनवर म्हणालो, “ताई, ‘सर’ म्हणजे ‘सर’ असंच लिहून मोकळं होऊ.”

“न्हाई. हा सर म्हणजे कुठला सर? उत्तर चुकलं तर पोरांनी कुणाला धरायचं?”

मी तसा तापटच. चरफडत एसटीनं लातूर गाठलं. ताई नोंदींखालचे शेरे वाचत बसल्या होत्या. “ ‘तपासायलो’ लिहिणारे औशाचे सर. ‘लई चुका’ म्हणणारे चाकूरचे.” त्या एकेका नोंदीवर खरं नाव घालत गेल्या. एका प्रश्नाचं बरोबर उत्तर कुणीतरी बदललं होतं. ताईंनी शेरा पाहून चाकूरच्या सरांना बोलावलं. “हाव, माझंच चुकलं,” ते लाजून म्हणाले. रविवारचा पेपर चुकता चुकता बचावला.

चहा पिताना ताई म्हणाल्या, “भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमधी मेलेल्यांची यादी वाचायचे. आमचा बाप त्यात भलत्याच्याच नावानं लागला होता. लई दिवस आम्ही कुणाचेच नव्हतो.” मला माझ्या चिडण्याची लाज वाटली. पुढची सात वर्षं आम्ही मजेत भांडत काम केलं, आणि ते दिवस फार चांगले गेले.

मागच्या आठवड्यात नांदेडला नवं मशीन आलं. साहेबांचा हुकूम होता, नोकरीत नसलेल्यांची नावं यादीतून काढा. काढली, ताईंचंही. मग लातूरच्या नोंदी पहिल्यापासून ओढायला लावल्या, तर पहिल्याच नोंदीला सगळं थांबलं. पडद्यावर आलं, वंदना गायकवाड हे नाव यादीत नाही. आधी हसू आलं, मग डोळे भरले... नाव परत लिहिलं. साहेबांना सांगितलं, “हे काढलं तर लातूरचं काहीच इकडे येत नाही.”

“मग राहू द्या,” ते म्हणाले.